सुट्टीत वाचायला हलकीफुलकी कादंबरी कशी निवडावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ दिवसांची सुट्टी आहे, सोबत घरची माणसं आहेत, कामाच्या रेट्यात वर्षभर वाचन सुटलेलं आहे. मागच्या दोन्ही सुट्ट्यांत नावाजलेल्या जाडजूड कादंबऱ्या बॅगेत घातल्या आणि दोन्ही वेळा तिसाव्या-चाळिसाव्या पानावर खूण ठेवून तशाच परत आणल्या. या वेळी हलकं, मजा येईल असं काहीतरी हवं आहे. पण तसं पुस्तक वाचण्याआधी ओळखायचं कसं?

मी वाचनालयाच्या देवघेव विभागात २२ वर्षं काम करते आहे. सुट्ट्या लागायच्या आधीच्या आठवड्यात हाच प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो. सुट्ट्या संपल्या की पुस्तकं परत येतात, तेव्हा सभासदांनी आत विसरलेली खूण कुठे अडकली आहे तेही मला दिसतं. इतक्या वर्षांत पाहिलेल्या त्या खुणांवरून सांगते, बहुतेक वेळा पुस्तक वाईट नसतं आणि वाचकही आळशी नसतो. सुट्टीतला वेळ तुकड्यातुकड्यांनी मिळतो आणि पुस्तक मात्र सलग दोन तास मागणारं असतं, तिथे गाडी अडते. म्हणून सुट्टीच्या कादंबरीला मी एकच कसोटी लावते: मध्येच खाली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी उचलली, तर दोन परिच्छेदांत ती तुम्हाला पुन्हा आत घेते का? घेत असेल तर ती चारशे पानांची असली तरी सुट्टीला चालेल. घेत नसेल तर शंभर पानांचीही जड जाईल.

‘हलकं’ या शब्दाबद्दल आधी थोडं बोलते, कारण काउंटरवर लोक हा शब्द जरा ओशाळून उच्चारतात. ‘काहीतरी हलकंच द्या हो,’ म्हणताना आवाज खाली येतो. तसं वाटायचं काही कारण नाही. सहज वाचली जाणारी कादंबरी लिहिणं हे फार कसबाचं काम आहे. कोण कुणाशी बोलतंय हे न सांगता कळावं, पंधरा पात्रं असूनही एकाचंही नाव मागे जाऊन शोधावं लागू नये, पान उलटावंसं वाटेल अशा जागी प्रकरण संपावं, हे सगळं लेखकाला जुळवावं लागतं. वाचकाचे कष्ट लेखकाने आधीच उपसलेले असतात, म्हणून आपल्याला ते वाचन हलकं वाटतं. अशा पुस्तकाची निवड गंभीर पुस्तकाइतकीच मन लावून करायला हवी.

हलकं म्हणजे बारीक, हा दुसरा गैरसमज. पानं कमी म्हणून पुस्तक उचलणारे पुष्कळ असतात. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ सालची, लहानशी, भाषा तर इतकी साधी की शाळकरी मुलालाही अडू नये. पण शेवटी दुष्काळ येतो, धनगरांची ती वस्ती उठते आणि वाचून संपल्यावर माणूस बराच वेळ गप्प बसतो. कादंबरी उत्तमच आहे, सुट्टीत वाचूही नये असं माझं म्हणणं नाही. पण ज्याला ‘मजा येईल असं’ हवंय त्याच्या हातात पानं मोजून ती ठेवली तर दोघांवरही अन्याय होतो. वाचायला सोपं आणि मनाला हलकं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला दोन्ही हव्या आहेत, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या तपासा.

आता तुकड्यांच्या वेळाकडे येते, कारण सगळी मेख तिथेच आहे. प्रवासात वाचायची पुस्तकं हा प्रकार रेल्वेबरोबर वाढला. लंडनच्या यूस्टन स्थानकात डब्ल्यू. एच. स्मिथचा पुस्तकांचा स्टॉल १८४८ मध्ये लागला आणि पुढच्याच वर्षी रूटलेज या प्रकाशनाने ‘रेल्वे लायब्ररी’ नावाने स्वस्त कादंबऱ्यांची मालिका सुरू केली. त्याच काळात कितीतरी कादंबऱ्या आधी नियतकालिकांतून किंवा वर्तमानपत्रांतून क्रमशः छापल्या जात. ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारी कादंबरी घ्या. ती १८७२ मध्ये पॅरिसच्या एका दैनिकातून क्रमशः आली आणि पुस्तकरूपाने १८७३ मध्ये. तिची प्रकरणं ३७ आणि प्रत्येक आटोपशीर. वाचकाला काल काय वाचलं ते आठवत असेलच असं नाही हे लेखकाला ठाऊक होतं. त्यामुळे आपण कुठे आहोत, किती दिवस उरलेत, अडचण काय आहे, हे तो अधूनमधून सहज सांगत राहतो. ‘ऐंशी दिवस’ ही अटच अशी आहे की कुठल्याही पानावर पुस्तक उघडा, घड्याळ चालूच असतं. क्रमशः छापलेल्या जुन्या कादंबऱ्या सुट्टीत इतक्या छान का वाचल्या जातात, याचं उत्तर मला यातच दिसतं. अडखळत, थांबत वाचणारा वाचक डोळ्यांपुढे ठेवूनच त्या लिहिल्या गेल्या. म्हणून मलपृष्ठावर किंवा मनोगतात ‘पूर्वी क्रमशः प्रसिद्ध’ असं दिसलं, तर ती माझ्या दृष्टीने जमेची बाजू असते.

पुस्तक हातात आल्यावर काय बघायचं ते आता सांगते. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठावरचा मजकूर बघून निर्णय घेऊ नका. मलपृष्ठावर ‘खिळवून ठेवणारी’ हा शब्द नाही अशी कादंबरी शोधूनच काढावी लागेल. पहिलं पानही फसवं असतं, कारण लेखक त्यावर सर्वांत जास्त राबतो. मी सभासदांना पुस्तकाचा साधारण चौथा हिस्सा संपतो तिथलं पान उघडायला सांगते. दोनशे पानांचं असेल तर पन्नासावं. तिथली दोन पानं उभ्या उभ्या वाचा. मागचं काही माहीत नसताना कोण बोलतंय, कुठे आहेत, कशावरून कुरबूर चाललीय, याचा अंदाज येतो का? पुढचं पान उलटावंसं वाटतं का? सुट्टीत पुस्तक पुन्हा उचलताना तुमची अवस्था जवळपास अशीच असणार आहे, अर्धवट आठवणारी. तिथे जे पुस्तक आत घेतं ते सुट्टीतही घेईल.

मग प्रकरणांची लांबी बघा. अनुक्रमणिका असली तर काम सोपं, नसली तर पानं भराभर उलटून बघायची. आठ ते पंधरा पानांची प्रकरणं तुमच्यासारख्यांना सर्वांत सोयीची, कारण एका बैठकीत एक संपतं आणि संपवल्याचं समाधान मिळतं. प्रकरणंच नसलेली, किंवा साठ-साठ पानांचे भाग असलेली कादंबरी घरी ठेवा. संवाद किती आहेत तेही पान लांब धरल्यावर कळतं. संवादांच्या पानावर पांढरी जागा जास्त दिसते. सगळं पान काळंभोर, परिच्छेद पान-पानभर, असं असलं तर त्यात विचार आणि वर्णन जास्त. ते वाईट नाही, पण त्याला शांतता लागते.

काळाच्या उड्या हा एक छुपा त्रास असतो. एक प्रकरण आजचं, दुसरं तीस वर्षांपूर्वीचं, तिसरं भलत्याच माणसाच्या तोंडून, अशी रचना आजकाल थ्रिलरमध्येही पुष्कळ दिसते. सलग वाचलं तर त्यात गंमत असते. दिवसाला वीस पानं वाचणाऱ्याचा मात्र धागा तुटतो. प्रकरणांच्या डोक्यावर तारखा किंवा पात्रांची नावं आलटून पालटून दिसली तर सावध व्हा. पात्रांची संख्या मात्र तितकी घाबरवणारी नसते, ती कशी हाताळलीय याला महत्त्व. अगाथा ख्रिस्तीची १९३४ सालची, बर्फात अडकलेल्या रेल्वेत घडणारी रहस्यकथा बघा. डबाभर संशयित आहेत, पण पुस्तकात डब्याचा नकाशा आहे आणि सगळ्यांच्या जबान्या झाल्यावर कोण काय म्हणालं याची यादीच लेखिका पुढे ठेवते. वाचक थांबत थांबत वाचेल हे तिने गृहीत धरलंय. याउलट काही कौटुंबिक कादंबऱ्यांत सुरुवातीला वंशवृक्ष छापलेला असतो. लेखकालाच तो द्यावासा वाटला, तर समजून घ्या की तुम्हाला तो चाळीस वेळा उघडावा लागणार आहे.

इथपर्यंत पुस्तकाच्या घडणीचं झालं. आता वाचकाचं, म्हणजे तुमचं. अमेरिकेतल्या सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी मांडलेली एक कल्पना मी रोज वापरते. त्यांच्या मते वाचक पुस्तकात चार दारांनी शिरतो: कथानक, पात्रं, स्थळ आणि भाषा. प्रत्येक पुस्तकाला चारही दारं असतात, पण एखादं मोठं असतं. आणि प्रत्येक वाचकाचंही एक लाडकं दार असतं. ते ओळखायला मी विचारते, ‘तुम्हाला शेवटचं मनापासून आवडलेलं पुस्तक सांगा, आणि त्यात काय आवडलं ते सांगा.’ पुस्तकाच्या नावाकडे मी फारसं लक्ष देत नाही, वर्णनाकडे देते. ‘पुढे काय होतंय ते कळेपर्यंत झोपच आली नाही’ म्हणणारा कथानकाच्या दाराने जातो. ‘ती आजी अगदी डोळ्यांसमोर उभी राहिली’ म्हणणारा पात्रांच्या. ‘तो डोंगर, ते धुकं’ म्हणणाऱ्याला स्थळ हवं. ‘काय वाक्यं लिहिलीत!’ म्हणत मध्येच उतारा वाचून दाखवणाऱ्याला भाषा.

हा प्रश्न स्वतःला विचाराच. तुमच्या दोन फसलेल्या सुट्ट्यांमागे कदाचित हेच असेल. नावाजलेल्या, पुरस्कार मिळालेल्या कादंबऱ्यांचं मोठं दार बऱ्याचदा भाषेचं असतं. तुमचं दार कथानकाचं असेल, तर त्या कितीही थोर असल्या तरी तुम्ही बाहेरच उभे राहाल. त्यात तुमचा दोष नाही. आणि मन दमलेलं असलं की दार थोडं बदलतंही. एरवी भाषेवर लुब्ध असणारे वाचक वर्षभराच्या दगदगीनंतर गोष्ट मागतात, असं मी कितीदा पाहिलंय.

प्रकारांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ‘हलकं’ म्हणून सगळ्यांना एकाच रांगेत बसवलं जातं आणि त्यांचे स्वभाव तर फार वेगळे आहेत.

रहस्यकथा सुट्टीसाठी मी सर्वांत आधी सुचवते. तिच्यात एक प्रश्न पहिल्या काही पानांत पडतो आणि शेवटी त्याचं उत्तर नक्की मिळतं. हा करार मन दमलेल्या वाचकाला फार आधार देतो. खून असूनही जुन्या धर्तीच्या रहस्यकथा मनावर ओझं ठेवत नाहीत, कारण शोकापेक्षा कोड्यावर भर असतो. ख्रिस्तीच्याच १९३९ च्या कादंबरीत बेटावर दहा माणसं अडकतात आणि एकेक जण मरत जातो. सांगायला भयंकर, वाचायला अफाट रंगतदार. पण ती एकांतात, रात्री वाचणाऱ्यांना जरा घाबरवते, तेवढं माहीत असू द्या. जॉर्ज सिमेनॉनच्या इन्स्पेक्टर मेग्रेच्या कादंबऱ्या तर मला सुट्टीसाठीच बेतल्यासारख्या वाटतात. १९३१ पासून त्या पुस्तकरूपाने येऊ लागल्या, संख्या ७५ आहे आणि बहुतेक इतक्या आटोपशीर की दोन निवांत दुपारींत एक संपावी. कुठूनही सुरुवात केली तरी चालते. त्यांत कोड्यापेक्षा माणसं आणि हवा जास्त, म्हणजे पात्रांच्या आणि स्थळाच्या दाराने जाणाऱ्यांसाठीही त्या योग्य.

थ्रिलर मात्र जपून न्या. पानं भराभर उलटतात हे खरं, पण ते वाचन शांत करणारं नसतं. झोप भरून काढायला सुट्टी घेतलेल्या माणसाने रात्री दोनपर्यंत जागं ठेवणारं पुस्तक न्यावं का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. लांबच्या प्रवासात, गाडीत बसून काढायच्या नऊ-दहा तासांना थ्रिलरइतकं चांगलं काही नाही. मुक्कामी पोहोचल्यावर दुसरं काही उघडा.

विनोदी कादंबरीचा स्वभाव सगळ्यांत नाजूक. लोकांना वाटतं, सुट्टी म्हणजे हसणं, म्हणून विनोदी पुस्तक. पण विनोद सलग वाचला की बोथट होतो. पहिल्या तीन प्रकरणांना खळखळून हसलेला वाचक सातव्या प्रकरणाला नुसता ‘हं’ म्हणतो, आणि लेखक तर तितकाच छान लिहीत असतो. विनोदी कादंबरी दिवसाला एकदोन प्रकरणं, अशीच वाचावी. जेरोम के. जेरोमची १८८९ मधली तीन मित्रांच्या नौकाविहाराची गोष्ट यासाठी आदर्श आहे. तिची १९ प्रकरणं आहेत, प्रत्येकात सुटे सुटे किस्से, एखादं सुटलं तरी बिघडत नाही. आणि ती मोठ्याने वाचून दाखवण्यासारखी आहे. घरची माणसं सोबत असताना हा गुण मोठा, कारण पुस्तकात तोंड खुपसून बसल्याची तक्रार येत नाही. विनोदाची परीक्षा करायची एकच रीत मला माहीत आहे: कुठलंही पान उघडा आणि मनाशी नव्हे, ओठ हलवून वाचा. हसू आलं नाही तर ते पुस्तक तुमच्यासाठी नाही, मग कुणीही कितीही शिफारस करो.

प्रेमकथांबद्दल मला जरा आग्रहाने बोलायचंय. लाजून, दुसऱ्या पुस्तकाखाली लपवून नेणारे वाचक आजही आहेत. गोड शेवटाची प्रेमकथा वाचकाला पहिल्या पानावरच सांगते की हे दोघं शेवटी भेटणार आहेत. मग तुम्ही काळजी न करता फक्त ‘कसे भेटतात’ ते बघत राहता. दमलेल्या मनाला याहून मऊ उशी मिळणं कठीण. फक्त एक करा. प्रेमकथा आणि प्रेमाची शोकांतिका एकाच कपाटात असतात, तेव्हा शेवट गोड आहे ना, हे घेताना विचारून घ्या.

साहसकथा आणि अद्भुत दुनियेच्या कादंबऱ्या मुलांबरोबर वाटून वाचायला छान. अद्भुत दुनियेच्या बाबतीत मात्र पुस्तक कितव्या भागाचं आहे ते आधी बघा. रहस्यकथेच्या मालिकेत कुठूनही शिरता येतं, इथे नाही. पहिला भाग बऱ्याचदा ऐन रंगात संपतो आणि दुसरा घरी राहिलेला असतो. शिवाय पहिली साठ-सत्तर पानं त्या जगाचे नियम, नावं, नकाशे समजण्यात जातात. तेवढा धीर सुट्टीत असेलच असं नाही.

आणि आधी वाचलेलं, आवडलेलं पुस्तक? बिनदिक्कत न्या. काही सभासद दर सुट्टीला तीच कादंबरी नेतात. गोष्ट माहीत असते, त्यामुळे कुठेही उघडा, कुठेही मिटा. माझ्या कसोटीला याहून पक्कं उतरणारं पुस्तक नाही.

आता मनःस्थितीबद्दल. हे मला एका चुकीतून कळलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बाईंना मी एक गोड, हसरी कौटुंबिक कादंबरी दिली. ‘एकदम हलकी आहे, मजेत वाचा,’ म्हणाले. त्यात शेवटच्या तीस पानांत वडील आजारी पडतात आणि जातात. मला ते वाचून बरीच वर्षं झाली होती, मनात फक्त सुरुवातीची धमाल उरली होती. त्या बाईंचे वडील दोन महिन्यांपूर्वी गेले होते आणि बदल म्हणून त्या बाहेरगावी चालल्या होत्या. पुस्तक परत करताना त्या काही बोलल्या नाहीत, फक्त काउंटरवर ठेवून गेल्या. कारण मला नंतर कळलं. तेव्हापासून मी पुस्तक देताना दोन प्रश्न विचारतेच: शेवट कसा हवा, आणि सध्या कुठला विषय नको? दुसरा प्रश्न महत्त्वाचा. आजारपण, मूल गमावणं, घटस्फोट, नोकरी जाणं, ज्याला जे सोसलं असेल ते सुट्टीच्या पुस्तकात अचानक समोर येऊ नये. तुम्ही स्वतः निवडत असाल तर वाचलेल्या कुणाला सरळ विचारा, ‘मधे कुठे जीव दुखावणारं काही आहे का?’ रहस्य न फोडताही याचं उत्तर देता येतं.

किती पुस्तकं न्यावीत, यात जवळजवळ सगळे चुकतात आणि एकाच बाजूने चुकतात. आठ दिवसांना पाच पुस्तकं. इंग्रजीतल्या मूक वाचनावर झालेल्या अनेक अभ्यासांचा २०१९ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यात कथात्म मजकुराचा सरासरी वेग मिनिटाला २६० शब्दांच्या आसपास निघाला. हा आकडा मराठीला जसाच्या तसा लावू नका. आपल्याकडे ‘घरापासून’, ‘त्याच्यासाठी’ असे प्रत्यय आणि अव्ययं शब्दाला चिकटून येतात. एकेका शब्दात जास्त मजकूर मावतो, त्यामुळे शब्दांची मोजणीच वेगळी होते. त्यापेक्षा स्वतःचा वेग काढा. निवडलेल्या पुस्तकाची दहा पानं घड्याळ लावून, पण नेहमीच्या चालीने वाचा. समजा १५ मिनिटं लागली. म्हणजे तासाला ४० पानं, आणि २४० पानांच्या कादंबरीला ६ तास. सुट्टीत घरच्या माणसांसह रोज खरोखर किती वेळ मिळेल? पाऊण तास धरा. आठ दिवसांचे झाले ६ तास. म्हणजे एकच कादंबरी. दुसरी न्यायची ती पहिली नाहीच रुचली तर हाताशी असावी म्हणून, आणि ती वेगळ्या प्रकारची हवी. रहस्यकथेला पर्याय म्हणून दुसरी रहस्यकथा नेण्यात अर्थ नाही, कारण मन लागलं नाही तर ते त्या प्रकारावरच लागलं नसेल. तिसरी नेऊ नका. बॅगेत न वाचलेली पुस्तकं असली की चालू पुस्तकावरचं लक्षही उडतं.

माझा सर्वांत उपयोगी ठरलेला सल्ला याच्या पुढचा आहे: पुस्तक निघायच्या आधीच सुरू करा. तीन-चार रात्री, रोज दहा पानं. कुठल्याही कादंबरीची पहिली तीस पानं सर्वांत अवघड असतात, कारण तिथे सगळेच अनोळखी. ती घरच्या शांततेत, ठरलेल्या जागी बसून पार करा. मग सुट्टीत पुस्तक उघडाल तेव्हा ओळखीच्या माणसांत परत जाल. तुमच्या खुणा तिसाव्या-चाळिसाव्या पानावर अडकल्या, त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं. नव्या जागी, नव्या गडबडीत तुम्ही नव्या पुस्तकाची सुरुवात केलीत. यात आणखी एक फायदा आहे. पुस्तक जमणार नसेल तर ते घरीच कळतं आणि बदलायला वेळ असतो.

कागदी पुस्तक की ई-बुक, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. ई-बुक वाचायच्या खास यंत्रांना असतो तो ई-इंकचा पडदा बाहेरचा प्रकाश परावर्तित करतो, त्यामुळे तो उन्हातही कागदासारखा वाचता येतो. फोनचा पडदा उन्हात फिका पडतो, आणि फोनवर वाचताना निरोप येत राहतात, हे जास्त वाईट. फोनवरच वाचायचं असेल तर नेट बंद ठेवा आणि पुस्तक आधीच उतरवून घ्या. कागदी घेणार असाल तर पुठ्ठ्याच्या जड बांधणीऐवजी पेपरबॅक बघा, एका हातात धरून वाचता येतं का ते दुकानातच करून पाहा. अक्षर बारीक असेल तर सोडून द्या. प्रवासातल्या उजेडात ते आणखी बारीक होतं. ऑडिओबुक गाडी चालवणाऱ्याला चांगलंच, पण निवड आणखी काटेकोर हवी. ऐकताना मागचं पान उलटता येत नाही, म्हणून एकाच माणसाने ‘मी’ म्हणून सांगितलेली, सरळ पुढे जाणारी गोष्ट घ्या. वाचणाऱ्याचा आवाज पाच मिनिटं ऐकून बघा. आवाज खटकला तर कादंबरी कितीही चांगली असो, नाही टिकत.

आणि नाहीच रमलं तर? नॅन्सी पर्ल यांचाच एक नियम आहे. वय पन्नासपर्यंत असेल तर पुस्तकाला ५० पानं द्या. त्याहून मोठे असाल तर १०० मधून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं. म्हणजे ६५ वर्षांच्या वाचकाने ३५ पानांनंतर खुशाल पुस्तक मिटावं. सुट्टीसाठी मी यातही सूट देते. तीस पानं घरी वाचून झालेली असताना बाहेर गेल्यावर दोनदा पुस्तक उचलायचा कंटाळा आला, तर दुसरं उघडा. सोडलेलं पुस्तक कपाटात तसंच राहतं. चार महिन्यांनी पावसाळी रविवारी तेच कदाचित फार आवडेल.

तुम्ही सांगितलेल्या एवढ्याच माहितीवर मला आज निवडायला लावलं, तर मी असं करेन. मुख्य पुस्तक म्हणून दोनशे पानांच्या आतली, जुन्या धर्तीची रहस्यकथा, दहा-बारा पानांच्या प्रकरणांची, एकाच काळात सरळ चालणारी. मराठी वाचनाची सवय असेल तर अनुवाद चालेल, पण अनुवादाचं मधलं पान वाचून बघाच. वाक्यं मराठीत बोलत नसतील तर उत्तम गोष्टही रुक्ष होते. जोडीला सुट्या किश्शांची एक विनोदी कादंबरी, रोज रात्री एक प्रकरण, शक्यतो घरच्यांना वाचून दाखवत. रहस्यकथा निघायच्या चार दिवस आधी सुरू करा. आणि परत आल्यावर खूण कुठल्या पानावर होती तेवढं मला कळवा, म्हणजे पुढच्या सुट्टीसाठी याहून नेमकं पुस्तक सुचवता येईल.